झाड जगते मुळांवर

आखाजीचा सण खानदेशात ऐन उन्हाळ्यात येतो. माहेरी आलेल्या लेकी गावातल्या कडुनिंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणत झुलतात. त्या सुमारास जळगाव-धुळ्याकडे दुपारचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असतो. पुढे मे महिन्यात काही दिवस तो ४५ अंशही ओलांडतो. शेते उघडी पडलेली असतात, नाले आटलेले असतात. वारा तोंडावर चटका देतो. पण ज्या निंबाला झोका बांधला आहे, तो मात्र नव्या पालवीने गच्च भरलेला असतो. त्याला गेल्या कित्येक वर्षांत कोणी घागरभर पाणीही घातलेले नसते.

आता त्याच गावातल्या शाळेच्या आवारात जाऊन पाहा. पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने लावलेल्या रोपांच्या जागी वाळलेल्या काड्या उभ्या असतात. जुलै महिना आला की त्याच खड्ड्यांत नवी रोपे बसतात. कन्हैयालाल मुन्शी केंद्रीय अन्न व कृषिमंत्री असताना १९५० मध्ये आपल्या देशात वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून आपण दरवर्षी झाडे लावीत आलो आहोत. लावलेली सगळी जगली असती, तर आज खानदेशात उन्हात उभे राहायला जागा शोधावी लागली असती!

एकाच उन्हात, एकाच मातीत एक झाड हिरवे राहते आणि दुसरे वाळून जाते, असे का होते? या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या वर शोधून सापडत नाही. त्यासाठी थोडे खणावे लागते.

वाळलेल्या रोपांची तपासणी

मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे एका वर्षी आम्ही तीस रोपे लावली. प्रत्येक रोप दोन विद्यार्थ्यांनी दत्तक घेतले. मुले इमानाने रोज सकाळी एकेक तांब्या पाणी घालीत. तरीही जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चारच रोपे जिवंत होती. आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आम्ही तर एक दिवसही चुकवला नाही. सुट्टीतसुद्धा येत होतो. मग आमचे रोप का मेले?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही टिकाव घेतला आणि मेलेली रोपे मुळांसकट उकरून काढली. जे दिसले ते असे होते:

काही रोपांची मुळे अजून प्लॅस्टिकच्या पिशवीच्याच आकाराची होती. रोपवाटिकेत पिशवीच्या तळाशी मुळांनी जी वेटोळी घातली होती, ती वर्षभरात सुटलीच नव्हती. काही रोपांना नवी मुळे फुटली होती, पण ती सगळी वरच्या वीतभर मातीत पसरली होती. त्याखाली माती दगडासारखी कोरडी. आणि पाच-सहा रोपांची मुळे काळी पडून कुजलेली होती. म्हणजे ती उन्हाळ्यात मेलीच नव्हती. ती भर पावसाळ्यात गुदमरून गेली होती.

गंमत म्हणजे कुंपणाच्या तारेखाली एक कडुनिंब कोणी न लावता उगवला होता. एखाद्या पाखराने निंबोळी खाऊन बी टाकले असेल. त्याला ना खड्डा, ना खत, ना तांब्याभर पाणी. तो आमच्या सगळ्या रोपांपेक्षा उंच होता. त्याचे मूळ किती खोल गेले आहे हे पाहण्यासाठी आम्ही शेजारी खणत गेलो. गुडघाभर खोल गेलो तरी मूळ सरळ खालीच चालले होते. तेव्हा आम्ही खणणे थांबवले आणि मातीने खड्डा भरून टाकला. आमचा धडा आम्हाला मिळाला होता.

झाड एवढे पाणी करते काय?

मुळे जे पाणी शोषून घेतात, त्यातले शेकडा पाच भागही झाडाच्या शरीरात राहत नाही. बाकीचे सगळे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ होऊन निघून जाते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. ही उधळपट्टी आहे असे वाटेल, पण तसे नाही. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पर्णरंध्रे उघडावीच लागतात, आणि ती उघडली की पाणी बाहेर जाणारच. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पानही गार राहते. निंबाखालची सावली पत्र्याच्या छपराखालच्या सावलीपेक्षा सुखाची वाटते, याचे एक कारण हेच आहे.

मात्र मुळांकडून पुरवठा कमी पडला की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. मग अन्न तयार होणे थांबते आणि पान तापू लागते. पाने मान टाकतात, कडा करपतात आणि शेवटी रोप वाळते. आपण म्हणतो, ‘उन्हाने मेले.’ खरे पाहता ऊन निंबावरही तेवढेच पडत असते. फरक एवढाच की निंबाची मुळे ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात आणि रोपाची पोचलेली नसतात.

आता तांब्याचे गणित करून पाहू. रोपाभोवती अर्धा मीटर व्यासाचे आळे आहे असे समजा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर होते. एक लिटर पाणी त्यात ओतले, तर पाण्याचा थर ५ मिलिमीटर जाडीचा होतो. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या परातीतले पाणी एका दिवसात याहून जास्त आटते. म्हणजे तांब्यातले पाणी वरचा बोटभर थर ओला करते आणि संध्याकाळपर्यंत उडूनही जाते. मुळांची वाढ ओलाव्यात होते. ओलावा वरच असेल तर मुळेही वरच राहतात, आणि तो वरचा थर तर दुपारी तव्यासारखा तापतो. रोज तांब्याभर पाणी घालणारी मुले नकळत आपल्या रोपाला उथळ मुळांची सवय लावीत होती. एक दिवस पाणी चुकले की संपले!

तेच २० लिटर पाणी, म्हणजे साधारण दोन घागरी, एकदम पण सावकाश घातले तर? थर १० सेंटिमीटरचा होतो आणि ओल एक-दीड फूट खोल उतरते. तेथपर्यंत ऊन पोचत नाही. पुढचे कित्येक दिवस ती ओल मुळांना खाली बोलावीत राहते.

आपल्या पायाखालची जमीन

झाड निवडण्याआधी आपली जमीन ओळखली पाहिजे. खानदेशात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. तापीच्या काठाने, रावेर-यावल-चोपडा-शिरपूरकडे, नदीने आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर आहेत. तापी-गिरणेच्या सपाटीवर काळी कापसाची जमीन आहे. आणि साक्रीकडे, धुळ्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर किंवा चाळीसगावच्या डोंगराळ भागात वीतभर मातीखाली मुरूम व काळा पाषाण लागतो. पाऊसही सगळीकडे सारखा नाही. धुळ्याकडे तो सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर, तर जळगावकडे त्याहून थोडा अधिक पडतो. त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उरलेले आठ महिने झाडाने जमिनीतल्या शिल्लकीवर काढायचे असतात.

काळी जमीन कसदार खरी, पण रोपांना ती दोन तऱ्हांनी अडचणीत आणते. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय बारीक असून त्यांत माँटमोरिलोनाइट या गटातील खनिजे असतात. ही खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. भेग पडताना कोवळी मुळे ताणली जाऊन तुटतात, आणि भेगेतून गरम हवा खोलवर शिरून तिथलीही ओल पळवते.

पावसाळ्यात हीच जमीन उलटे वागते. ओली झाली की तिच्यातून पाणी झिरपत नाही. अशा जमिनीत गुळगुळीत भिंतींचा खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली, तर तो खड्डा म्हणजे पाण्याने भरलेला हौदच होतो. मुळांनाही श्वासासाठी ऑक्सिजन लागतो. तो न मिळाल्यामुळे ती कुजतात. आमची पाच-सहा रोपे अशीच गेली होती.

जुन्या रहिवाशांच्या युक्त्या

ज्या झाडांनी या भागात हजारो वर्षे काढली, ती पाण्याचा हिशेब कसा जुळवतात हे पाहिले की निवड सोपी होते.

पहिली युक्ती खोल मुळांची. हिचे उत्तम उदाहरण म्हणजे अंजन. वनस्पतिशास्त्रात त्याला हार्डविकिया बायनाटा म्हणतात. (कोकण-महाबळेश्वरकडे अंजन किंवा अंजनी म्हणतात ते जांभळ्या फुलांचे झुडूप वेगळे.) आपला अंजन सातपुड्याच्या पायथ्याशी आणि खानदेशातल्या कोरड्या टेकड्यांवर वाढतो. त्याचे पान आपट्यासारखे दिसते, पण मधोमध पूर्ण दुभंगलेले, फुलपाखराच्या पंखांसारखे. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला तांबूस पालवी फुटते आणि सारी टेकडी रंगून जाते. अंजनाचे रोप लहानपणी वर फारसे वाढत नाही. दोन-चार पाने घेऊन बसून राहते. पाहणाऱ्याला वाटते, हे खुरटले. पण या काळात ते आपले सोटमूळ मुरमाच्या आणि खडकाच्या फटींतून खाली पाठवीत असते. पाण्याची सोय झाली की मगच ते उंच होते. त्याचे लाकूड भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत मोडते.

दुसरी युक्ती पाने गाळण्याची. पळस आणि बहावा पाणी तुटू लागले की पाने टाकून देतात. पळस फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले मिरवतो, तर बहाव्याचे पिवळे घोस एप्रिल-मेमध्ये लोंबतात. कडुनिंब या दोहोंच्या मध्ये आहे. तो उन्हाळ्यापूर्वी थोडे दिवस पाने गाळतो आणि लगेच नवी पालवी घेतो, म्हणून आखाजीला तो हिरवा असतो.

तिसरी युक्ती काटकसरीच्या पानांची. बाभळीची पर्णिका तिळाएवढी असते; लहान पान लवकर तापत नाही. कण्हेरीचे पान जाड, वरून मेणचट असते. तिची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला, केसाळ खळग्यांच्या आत लपलेली असतात. खळग्यात दमट हवा साठून राहते आणि बाहेरचा कोरडा वारा थेट रंध्रांना लागत नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर पानाचा पातळ आडवा छेद घेऊन हे खळगे अवश्य पाहा. पण सावध! कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियाही तशाच. छेद घेतल्यावर हात साबणाने धुवा, पाती नीट पुसा आणि लहान मुले खेळतात तेथे ही झाडे लावू नका.

चौथी युक्ती साठवणीची. कोरफड व निवडुंग यांचे उदाहरण तुम्हाला पाठ असेल. चाफ्याच्या मांसल फांद्याही तेच काम करतात; म्हणून चाफ्याची तोडलेली फांदी काही दिवस सावलीत पडून राहिली तरी लावल्यावर फुटते.

ज्या झाडात यांपैकी एकही युक्ती नाही, ते लावू नये असे नाही. पण त्याचे पाणी आपल्याला जन्मभर भरावे लागेल, हे आधी ठरवून मगच लावावे. गुलमोहर मादागास्करचा. तो दिसायला सुंदर आणि भराभर वाढणारा, पण त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. पहिल्याच वादळात रस्त्यावर आडवे पडलेले गुलमोहर आपण नेहमी पाहतो. तो मोकळ्या मैदानाच्या कडेला शोभतो. वर्गाच्या छपराजवळ किंवा सायकली ठेवण्याच्या जागी नको.

कोणते झाड कोठे?

पहिला प्रश्न दिशेचा. जळगाव आणि धुळे ही गावे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यामुळे त्या दिवसांत घराच्या दक्षिणेला लावलेल्या झाडाची सावली भर दुपारी भिंतीवर पडतच नाही. खरा ताप होतो तो दुपारी तीनपासून, पश्चिमेच्या भिंतीला. म्हणून सावलीचे झाड पश्चिमेला असावे. दक्षिण बाजू मोकळी ठेवली की हिवाळ्यात, पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा, कोवळे ऊन घरात येते.

दुसरा प्रश्न जागेचा. रोप लावताना ते हातभर असते. वीस वर्षांनी ते केवढे होईल हे डोळ्यांपुढे आणावे. वड, पिंपळ आणि चिंच यांना इमारतीपासून निदान दहा-बारा मीटर अंतर हवे. गावाबाहेरचा रस्ता, देवळाचा परिसर, मोठे क्रीडांगण ही त्यांची जागा. कडुनिंब आणि करंज शाळेच्या आवाराच्या कडेने सहा ते आठ मीटरवर लावता येतात. मात्र वर विजेच्या तारा नसाव्यात, नाहीतर दरवर्षी त्यांचा शेंडा छाटला जातो. घरापुढच्या लहान अंगणात बहावा, कांचन, बेल, आवळा, पारिजातक किंवा सीताफळ ठीक. मुरमाड जागी सीताफळ आणि बोर यांना तोड नाही. पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनीत सीताफळ आणि शेवगा लावू नये. तेथे करंज अधिक सोशिक.

कुंपणासाठी मेंदी, अडुळसा आणि बोगनवेल ही झुडपे थोड्या पाण्यावर भागवतात. बोगनवेलीचे रंगीत दिसते ते फूल नसून सहपत्र असते. खरे फूल म्हणजे मधली लहानशी पांढरट नळी. जमिनीत रुजलेल्या बोगनवेलीला पाणी थोडे कमी केले की ती अधिक बहरते, म्हणून तिचे लाड करू नयेत. फुलांच्या वाफ्यात वर्षानुवर्षे राहणारी सदाफुली, अबोली, निशिगंध, कोरफड आणि गवती चहा लावावा. मोगरा आणि जास्वंद यांना सकाळचे ऊन व दुपारनंतर सावली मिळाली तर पाने करपत नाहीत. भिंतीची पूर्व बाजू त्यांच्यासाठी राखून ठेवा.

रोप निवडताना

रोपवाटिकेत गेल्यावर आपला हात सर्वांत उंच रोपाकडे जातो. तो आवरावा. लहान पिशवीतले उंच रोप म्हणजे मोठे कुटुंब आणि लहान घर. वर पाने पुष्कळ, खाली मुळांना जागा नाही. त्यापेक्षा बुंध्याशी जाड, निरोगी पानांचे, मध्यम उंचीचे रोप घ्यावे. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत रुतलेले असेल, तर ते उचलताना तुटणार हे समजावे.

कडुनिंब, अंजन, बाभूळ, चिंच यांसारख्या सोटमुळाच्या झाडांसाठी आणखी सोपा उपाय आहे. बी थेट कायमच्या जागीच पेरावे. सोटमूळ कधीच वळत नाही आणि तुटतही नाही. निंबोळ्या जून-जुलैत पिकतात, म्हणजे पेरणीच्या वेळेवरच. मात्र निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांतच कमी होऊ लागते, म्हणून पिकलेली निंबोळी गर काढून, धुऊन, लगेच पेरावी. बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बी चांगले उगवते, हे आपल्याकडच्या शेळ्या राखणाऱ्यांना ठाऊक आहे. बहाव्याचे बी खरखरीत दगडावर किंचित घासून, रात्रभर पाण्यात ठेवून पेरावे. एका जागी तीन-चार बिया टाकाव्यात आणि पुढे सशक्त असेल ते एकच रोप ठेवावे.

खड्डा आणि लावणी

खड्डा उन्हाळ्यातच, लांबी-रुंदी-खोली ६० सेंटिमीटर ठेवून खणावा आणि उन्हात तापू द्यावा. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या भिंती कुदळीने खरवडून ओबडधोबड कराव्यात, म्हणजे मुळांना बाहेर शिरायला वाट मिळते. भरताना तीच माती वापरावी; तिच्यात चांगले कुजलेले शेणखत चौथ्या हिश्शाहून जास्त नको. खड्ड्यातच सगळी मेजवानी असली तर मुळे बाहेर जाण्याचे कष्ट कशाला घेतील? काळ्या जमिनीत रोप आजूबाजूच्या पातळीहून चार बोटे उंच उंचवट्यावर लावावे. मुरमाड जमिनीत मात्र पाणी अडावे म्हणून आळे किंचित खोलगट असावे.

पाऊस चांगला बसल्यावर, जूनअखेर ते जुलैत, लावणी करावी. पिशवी पूर्ण काढून टाकावी. तळाची वेटोळी मुळे हलक्या हाताने सोडवावी किंवा धारदार पात्याने कापावी. मुळे कापायला जीव होत नाही, पण वेटोळे तसेच राहिले तर पुढे तेच झाडाचा गळफास होते. बुंधा पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच मातीत ठेवावा. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला रोवून सैल दोरीने बांधावी. रोप थोडे हलले पाहिजे. हलण्यानेच बुंधा जाड होतो. वर्षभराने दोरी काढायला विसरू नये.

पाणी आणि पांघरूण

लावल्यावर पहिले काही आठवडे मुळे पिशवीतल्या मातीपुरतीच असतात. त्या काळात पावसाने उघडीप दिली तर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे पाणी द्यावे. दिवाळीनंतर मात्र सवय बदलावी. पाणी जास्त, पण अंतराने. उन्हाळ्यात काळ्या जमिनीत आठ दिवसांनी दोन घागरी, मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी एक घागर, हा प्रारंभीचा अंदाज धरावा. खात्री करण्यासाठी आळ्यात एक लोखंडी सळई दाबून पाहा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरडी माती लागली की अडते. पाणी संध्याकाळी द्यावे. दरवर्षी आळे बाहेरच्या बाजूने मोठे करावे, कारण पाणी पिणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात. ती फांद्यांच्या घेराखाली असतात. ठिबक सिंचनासाठी जळगावचे नाव देशभर झाले आहे. पण ठिबकची नळी असली, तरी तोटी बुंध्याजवळच ठेवली तर मुळे तेथेच गोळा होतात. तीही वर्षागणिक दूर सरकवावी.

पाणी कमी असेल तेथे मडके वापरावे. बिनझिलईचे मातीचे मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. माती कोरडी असेल तर ते जास्त ओढले जाते, ओली असेल तर कमी. म्हणजे किती पाणी हवे हे जमीनच ठरवते! घरातला जुना माठ वापरणार असाल तर एक अडचण येईल. त्याची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली असतात. मग तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी.

पाण्याइतकेच महत्त्व आच्छादनाला आहे. मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या आसपास तापतो. पालापाचोळा, उसाचे पाचट, केळीची वाळलेली पाने यांचा चार-पाच बोटे जाड थर आळ्यात पसरला, तर माती गार राहते, ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. थर बुंध्याला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी लागते. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून आपले शेतकरी भोवती शेवरी लावतात. तीच कल्पना रोपाला लागू करा. पश्चिमेच्या बाजूने पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा आडोसा उभा केला की दुपारची झळ अडते. कोवळ्या बुंध्याला चुन्याचा हात दिला तर ऊन परावर्तित होऊन साल तडकत नाही.

छाटणीचे गमक

छाटणी करताना एकच प्रश्न विचारावा: या झाडाला फूल कोणत्या फांदीवर येते? मोगरा, गुलाब, जास्वंद आणि बोगनवेल यांना नव्या फुटीवर फुले येतात, म्हणून त्यांची छाटणी फायद्याची. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात कमी करावे, जानेवारीत छाटणी करून खत-पाणी सुरू करावे, म्हणजे उन्हाळ्यात ओंजळी भरतात. मोठ्या वृक्षांना मात्र कात्री कमीच लावावी. लहानपणी दोन शेंडे झाले तर एक ठेवावा, मोडकी फांदी काढावी, बस्स. बुंध्याभोवती सिमेंटचे कट्टे बांधणे आणि सालीत खिळे ठोकणे हे तर टाळलेच पाहिजे. महाराष्ट्रात नागरी भागांतल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम आहे. विनापरवाना झाड तोडणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो.

करून पाहा

१. निंबाच्या एका डहाळीवर सकाळी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. दोन तासांनी आत जमलेले पाणी मोजा. हाच प्रयोग बाभूळ, कण्हेर आणि जास्वंद यांवर करा. पाने मोजून तुलना करा.

२. एप्रिलमध्ये उघड्या परातीत पाणी भरून मोजपट्टीने रोज किती मिलिमीटर आटते याची नोंद ठेवा. ती पाहून आपल्या आळ्याचे गणित पुन्हा मांडा.

३. दोन सारखी आळी निवडा. एकावर पालापाचोळा पसरा, दुसरे उघडे ठेवा. दुपारी दोन वाजता चार बोटे खोलीवर तापमापक ठेवून दोन्ही तापमाने लिहा.

४. शाळेत मेलेले रोप फेकून देऊ नका. त्याची मुळे उकरून चित्र काढा आणि ते कशाने मेले असेल ते चित्राखाली लिहा.

आमच्या शाळेत पुढच्या पावसाळ्यात आम्ही तीसऐवजी बाराच रोपे लावली, आणि आठ जागी नुसत्या निंबोळ्या पेरल्या. पाणी रोज न घालण्याचा नियम पाळणे मुलांना सर्वांत जड गेले. प्रेमाने तांब्या घेऊन येणाऱ्या मुलांना दारात अडवावे लागे! तो उन्हाळा संपला तेव्हा वीसपैकी चौदा जागी हिरवे पान होते. त्यातले एक त्या आठवीतल्या मुलीचे होते. ती आता नववीत गेली होती. शाळा उघडल्याच्या दिवशी ती रोपाजवळ गेली, आणि पानांकडे न पाहता तिने आधी आळ्यात सळई दाबून पाहिली.